एआयच्या जमान्यात आपलं डोकं कुठं लावायचं: सोलापूरकरांचे सारखे येणारे प्रश्न

मी सोलापुरात कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळं एआयबद्दल काही डोक्यात आलं की ओळखीची माणसं मलाच विचारतात, कॉलेजची पोरं, त्यांचे आईवडील, यंत्रमागवाले, डाळिंबवाले, एमपीएससी करणारे, सगळेच. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. कुठलं ॲप चांगलं, फुकट कुठलं मिळतं हे इथं मिळणार नाही. विचार कसा करायचा, आणि सगळं मशीनच करायला लागल्यावर आपण काय करायचं, असले प्रश्न इथं घेतलेत, कारण लोक सुरुवात ॲपपासून करतात पण दहा मिनिटांत गाडी इथंच येऊन थांबते.

प्रश्न: सर, हे एआय खरंच विचार करतं का?

आत काय चालतं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा. चॅटजीपीटी, जेमिनी ही जी बोलणारी मॉडेल्स आहेत त्यांना इंटरनेटवरचा आणि पुस्तकांतला प्रचंड मजकूर दाखवून मुळात एकच काम शिकवलेलं असतं, आत्तापर्यंतचा मजकूर बघून पुढचा तुकडा कुठला येईल ते ओळखायचं. तुकडा म्हणजे कधी अख्खा शब्द, कधी नुसतं एखादं अक्षर. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली, त्यामुळं लांबलचक मजकुरातला कुठला शब्द कुठल्या शब्दाशी जोडलेला आहे ह्याचा हिशोब झपाट्यानं करता यायला लागला, मग मॉडेल्स मोठी मोठी होत गेली आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. ह्या एवढ्याशा कामातून गणितं सुटतात, प्रोग्रॅम लिहून होतात, म्हणून 'नुसता पोपट आहे' असं म्हणून उडवून लावायचं नाही. 'त्याला सगळं कळतं' असंही म्हणायचं नाही.

ह्यातली एक गोष्ट तर सोलापूरच्या पोरांना शाळेतच सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं. आपल्या चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते. मागाच्या वर पुठ्ठ्याच्या, भोकं पाडलेल्या कार्डांची माळ फिरत असते, जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो, हुकाला बांधलेले ताण्याचे धागे उठतात, त्यांच्या खालून बाण्याचा धागा पळतो आणि पुढचं कार्ड येतं. भोक असेल तर उचल, नसेल तर राहू दे, बस एवढंच. फ्रान्समध्ये जोसेफ मरी जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं, कार्डाची ती कल्पना चार्ल्स बॅबेजनं गणित करणाऱ्या आपल्या यंत्रासाठी उचलली, आणि त्या यंत्राबद्दल १८४३ मध्ये टिपणं लिहिताना ॲडा लवलेसनं स्पष्ट म्हटलं की हे यंत्र आपणहून काही नवं काढणार नाही, आपल्याला जे सांगता येईल तेच करेल. म्हणजे आपल्या कारखान्यात जे खडखडतंय ते कॉम्प्युटरच्या घराण्यातलंच आहे. आजचं एआय अर्थात त्याच्या लई पुढं गेलंय, त्याला कुणी एकेक पायरी सांगत नाही, ते मजकुरातून नमुने स्वतः उचलतं. पण चादर विकताना 'धुतल्यावर रंग जाणार नाही' ही खात्री कार्ड देत नाही, दुकानात बसलेला माणूस देतो, आणि रंग गेला की गिऱ्हाईक त्याच्याच दारात येऊन उभं राहतं. सांगितलेल्या गोष्टीमागं कोण उभं आहे, हा प्रश्न ह्या पानावर परत परत येणार आहे.

प्रश्न: मग एवढ्या कॉन्फिडन्सनं चुकीचं कसं काय सांगतं?

कारण त्याचं मूळ शिक्षण 'इथं काय शोभेल' ह्याचं आहे, आणि खरं उत्तर आणि खऱ्यासारखं उत्तर दोन्ही त्याच सुरात, त्याच स्वच्छ भाषेत येतं. माणूस खात्री नसली की अडखळतो, 'बहुतेक' म्हणतो, डोकं खाजवतो, त्यावरून आपण ओळखतो. इथं ती खूणच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला दोन वकिलांनी कोर्टात कागद दाखल केले, त्यात आधीच्या निकालांचे दाखले होते, पक्षकारांची नावं, तारखा, सगळं, आणि ते निकाल कधी झालेलेच नव्हते, चॅटजीपीटीनं रचलेले होते. कोर्टानं ५००० डॉलर दंड केला. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग असा की त्यातल्या एकानं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, हे निकाल खरे आहेत का, आणि ते हो म्हणालं. साक्षीदार खरा बोलतोय का हे त्याच साक्षीदाराला विचारून कधी कळत नाही.

आणि जितकी गोष्ट लोकल, तितका मजकूर कमी, तितका धोका जास्त. ताजमहालाबद्दल चुकणार नाही कदाचित, आपल्या पेठेबद्दल, गावच्या देवळाबद्दल, तालुक्याच्या योजनेबद्दल मात्र अंदाजानं भरून काढायची शक्यता खूप. आता बरीचशी ॲप्स इंटरनेटवर शोधून लिंक देतात, ते चांगलंय, पण लिंक उघडून बघा, तिथं ते वाक्य आहे का ते बघा, कधीकधी नसतं.

प्रश्न: मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? पेपरवाले पण चुकतात की ओ, मास्तर पण चुकतात.

चुकतात की. ह्याचं उत्तर आपल्याकडं फार जुनं आहे आणि मला ते आजही सगळ्यात कामाचं वाटतं. न्यायदर्शनात ज्ञान मिळवायचे चार मार्ग सांगितलेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. स्वतः बघितलं, खुणेवरून ताडलं, माहीत असलेल्या गोष्टीशी साम्य लावून ओळखलं, आणि चौथं म्हणजे कुणीतरी सांगितलं. आपल्याला जे माहीत आहे त्यातलं नव्वद टक्के ह्या चौथ्यातच मोडतं हो, आपली जन्मतारीखसुद्धा कुणीतरी सांगितलेलीच असते. पण तिथं अट आहे. सांगणारा आप्त पाहिजे, म्हणजे ज्याला ती गोष्ट खरंच माहीत आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे असा. मग तो कुठल्याही जातीचा, कुठल्याही देशाचा असो.

आता एआयला ही अट लावून बघा. त्यानं काही बघितलेलं नाही, जे आहे ते दुसऱ्यांनी लिहिलेलं. खरं सांगायची इच्छा आहे का, तर आपल्या अर्थानं इच्छा असं काही तिथं आहे असं धरून चालता येत नाही. म्हणजे त्याचं उत्तर हा 'शब्द' आहे, पण मागं आप्त नाही. म्हणून ते फेकून द्यायचं का, तर नाही, ते अजून सिद्ध न झालेलं सांगणं म्हणून घ्यायचं आणि बाकीच्या तीन मार्गांनी, नाहीतर खऱ्या आप्त माणसाकडून पक्कं करायचं.

डाळिंबाचंच बघा. सांगोल्याकडचा एकजण फोटो घेऊन आला होता, फळावर काळे तेलकट डाग, मध्ये चीर गेलेली. एआयनं सांगितलं तेल्या रोग आहे, अमुक फवारा, एवढं प्रमाण घ्या. तेल्या असू शकतो, डाग तसलेच होते. पण फोटोवरून एआयला बागेतला वास येत नाही, शेजारच्या बागेत काय झालंय ते दिसत नाही, मागच्या आठवड्यात कुठलं औषध मारलं ते तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि प्रमाण चुकलं तर बहार जाणार तो त्याचा नाही, तुमचा. मी त्याला एवढंच म्हणालो, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे, देशातली माणसं तिथं येतात आणि आपण इथलेच असून फोनला विचारत बसतो, फांदी घेऊन जा, दाखव, आणि औषधाचं प्रमाण डब्यावरच्या लेबलवरूनच घे. एआयला विचारायचं असेल तर असं विचार की तेल्यासारखे दिसणारे दुसरे कुठले रोग आहेत आणि तिथं गेल्यावर मी काय काय विचारलं पाहिजे. असल्या कामाला ते खरंच भारी आहे.

प्रश्न: चेक करा, चेक करा म्हणता, पण म्हणजे नेमकं करायचं काय? वेळ कुणाला आहे?

प्रत्येक गोष्ट चेक करायची नाहीये. पिक्चरचं नाव आठवत नाही म्हणून विचारलं आणि चुकलं तर काय बिघडलं? पैसा, तब्येत, कोर्टकचेरी, कुणाची बदनामी, परीक्षा, ह्या पाचात काही येत असेल तर थांबायचं.

थांबून काय करायचं तर त्याच उत्तराकडं टक लावून बघत बसायचं नाही, त्याच्या बाहेर पडायचं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी बघितलं की इतिहासाचे पीएचडीवाले आणि हुशार विद्यार्थी वेबसाइट बघताना तिथंच खालीवर वाचत बसतात, देखणी मांडणी आणि लोगो बघून फसतात, आणि बातम्या तपासणारी व्यावसायिक माणसं मात्र लगेच ती साइट सोडून दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन बघतात की ही माणसं कोण आहेत आणि ह्यांच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात. वेळ कमी लागतो आणि उत्तर बरोबर येतं. योजनेचं असेल तर शासन निर्णय काढा, औषधाचं असेल तर डॉक्टर, कायद्याचं असेल तर कायद्याचं कलम स्वतः वाचा. आणि एक सोपी सवय लावा, उत्तरातली नावं, आकडे, तारखा ह्यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा, चुका जास्त करून तिथंच लपलेल्या असतात, बाकीचं गोड गोड भरण असतं.

प्रश्न: माझं म्हणणं बरोबर आहे असं एआय पण म्हणालं.

तुम्ही कसं विचारलं होतं? 'माझा भाऊ वाटणीत माझ्यावर अन्याय करतोय ना?' असं विचारलं तर ते हो म्हणण्याकडं झुकणार, कारण ह्या मॉडेल्सना शेवटी वळण लावतात ते माणसांनी कुठल्या उत्तराला पसंती दिली त्यावरून, आणि माणसाला आपलं खरं केलेलं आवडतं. ही हांजी हांजी एप्रिल २०२५ मध्ये इतकी वाढली होती की ओपनएआयनं चॅटजीपीटीचा एक अपडेट मागं घेतला, आणि तो फारच खुशमस्करी करत होता हे स्वतः मान्य केलं.

म्हणून उलटं विचारून बघा. भावाच्या जागी बसून लिहा, 'माझी बहीण वाटणीत असं असं म्हणतीय, माझं काय चुकलं?' त्यालाही ते बऱ्यापैकी हो म्हणालं तर समजून जा की पहिल्या 'हो'ला किंमत नव्हती. आणि मग भावाला फोन करा, कारण तुमचं भांडण त्याच्याशी आहे, मोबाईलशी नाही.

प्रश्न: पोरगं सगळा होमवर्क त्याच्याकडूनच करून घेतंय, मोबाईल काढून घेऊ का?

ह्याच्यावर जरा जास्त लिहितो कारण आयांचा हा प्रश्न सगळ्यात कळकळीचा असतो.

मोबाईल काढून घेतलात तर मित्राचा वापरेल. पण तुमची काळजी खरी आहे, आणि ती मार्कांच्या पलीकडची आहे. निबंध शाळेत लिहायला लावतात तो शाळेला निबंध पाहिजे असतो म्हणून नाही, लिहिताना पोराला पहिल्यांदाच कळतं की आपल्याला हे कळलेलं नाहीये. 'कारण' असा शब्द लिहिला की पुढं कारण द्यावं लागतं, आणि ते सापडत नाही तेव्हा जो पाच मिनिटांचा वैताग होतो ना, शिक्षण तिथं होतं. एआय तो वैतागच काढून टाकतं.

ह्याचा एक चांगला पुरावा आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग कागद बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढं. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं, तेही चांगलेच. म्हणजे जे सोपं वाटतं ते टिकत नाही आणि जे जड जातं ते राहतं. एमपीएससीवाल्यांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे, एआयनं काढलेल्या नोट्स वाचत बसू नका, स्वतः वाचा, मिटा, आठवून लिहा, आणि मग एआयला सांगा की ह्याच्यावर मला अवघड प्रश्न विचार, उत्तर मात्र देऊ नको.

घरी करायला एक साधी गोष्ट सांगतो. आमच्याकडं एक नववीतली मुलगी १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर, म्हणजे इंग्रजांनी तेव्हा इथं लावलेल्या लष्करी कायद्यावर, निबंध घेऊन आली, गुळगुळीत, एकही चूक नाही, कुठून आलाय ते दिसतच होतं. मी रागावलो नाही, म्हणलं छान आहे, आता ह्यातली कुठली ओळ तुला पटत नाही तेवढं सांग. ती बराच वेळ कागदाकडं बघत बसली. मग म्हणाली, सर ह्यात लिहिलंय 'जनतेत संताप होता', पण जनता म्हणजे कोण, माझ्या पणजोबांच्या घरचे मागावर होते, ते बाहेर पडले असतील का? मी म्हणलं जा, घरात विचार. ती आज्जीला विचारून आली, आज्जीला सगळं तेलुगूत आठवत होतं, ते तिनं मराठीत लिहून आणलं, वाक्यं वाकडीतिकडी होती पण प्रत्येक ओळ ती कुठून आली ते तिला सांगता येत होतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी, ही नावं रोज चार हुतात्मा चौकातून जाताना ती बघायची, आता ती तिला माहीत झाली. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, कुठली ओळ पटत नाही ते सांग. रोज विचारा.

प्रश्न: मराठीत विचारू की इंग्रजीत?

मराठीत विचारा. इंग्रजी विकिपीडियावर ७० लाखांच्या आसपास लेख आहेत आणि मराठीवर जेमतेम एक लाख, म्हणजे शिकायला मजकूरच कमी, शिवाय देवनागरीचे तुकडे जास्त पडतात, त्यामुळं मराठी उत्तर कधीकधी उथळ आणि भाषांतरासारखं येतं हे खरंय. महत्त्वाचं काम असेल तर दोन्हीत विचारून ताडून बघा. पण स्वतःचा विचार स्वतःच्या भाषेत करायची सवय सोडू नका. आपल्याकडं तर घरात तेलुगू, दुकानात कानडी, शाळेत मराठी, गल्लीत दखनी, असं चालतं, एकच गोष्ट चार भाषेत सांगून बघायची ताकद सोलापूरच्या पोरात आहे, आणि दुसऱ्या भाषेत सांगता आली नाही तर ती गोष्ट कळलेली नाही हे लगेच कळतं.

प्रश्न: सर, मला जवळचं असं कोणी नाही, मी रात्री एआयशीच बोलतो. हे चूक आहे का?

चूक नाही रे. आणि ह्यात लाज वाटायचंही कारण नाही. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाऊमनं एलिझा नावाचा प्रोग्रॅम केला, अगदी साधा, तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न करायचा, 'मला वाईट वाटतंय' म्हणलं की 'तुम्हाला वाईट का वाटतंय?' त्याच्या सेक्रेटरीनं तो बनताना बघितला होता, आत काही नाही हे तिला माहीत होतं, तरी बोलायला बसल्यावर थोड्या वेळानं ती त्यालाच म्हणाली, जरा बाहेर जाता का. वायझेनबाऊम हादरला, आणि पुढं आयुष्यभर कॉम्प्युटरवर काय सोपवू नये हे सांगत राहिला. माणूस उत्तर देणाऱ्या कशाशीही जोडला जातो, आपण असेच आहोत.

मला काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. ते तुला ऐकून घेतं, पण त्याला तुझी गरज पडत नाही. पहाटे तीनला त्याला ताप येत नाही, त्याला स्टेशनवर सोडायला जावं लागत नाही, ते कधी रुसत नाही. आणि माणसाला नुसतं ऐकून घेणारं पुरत नाही, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय हे लागतं. म्हणून रात्री बोल, पण दिवसा एका जिवंत माणसाला तुझी गरज पडेल असं काहीतरी कर, शेजारच्या काकांचं लाइटबिल भर, लहान पोरांची गणितं घे, काहीही. आणि मन फारच खाली जात असेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ ला फोन कर, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास, पलीकडं माणूस असतो. आजच कर, उद्यावर टाकू नको.

प्रश्न: सगळं तेच करणार तर मी शिकून काय करू? आयुष्याला अर्थ काय राहिला?

हा प्रश्न सोलापुरात नवा नाही, आपण तो आधी जगलोय. भोंग्यावर ज्या गावाचं घड्याळ चालायचं त्या गावातल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा पगार तर गेलाच, पण त्याच्याबरोबर 'मी अमक्या खात्यात आहे' हे सांगणं गेलं, आणि ते जास्त दिवस टोचलं, हे त्या घरातल्या कुणालाही विचारा. त्यामुळं 'काळजी करू नका, नवीन नोकऱ्या येतील' असं सरसकट मी कुणाला सांगत नाही. येतील काही, पण जाणाऱ्याच्याच हातात पडतील असं नाही. ते भांडण युनियननं, सरकारनं, आपण सगळ्यांनी मिळून करायचं आहे, एकट्या माणसानं 'स्किल' वाढवून ते सुटत नाही.

पण अर्थाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. २०१६ मध्ये गो नावाच्या खेळातला महान खेळाडू ली सेडॉल गूगल डीपमाइंडच्या अल्फागोकडून ४-१ हरला, २०१९ मध्ये निवृत्त झाला, आणि म्हणाला की मी पहिल्या नंबरावर पोचलो तरी न हरवता येणारं काहीतरी तिथं आहेच. मला त्याचं दुःख खरं वाटतं, त्याला कमी लेखू नये. आता बुद्धिबळ बघा, तिथं जगज्जेता कास्पारॉव्ह डीप ब्लू नावाच्या कॉम्प्युटरकडून १९९७ लाच हरला, आज मोबाईलवरचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, जगज्जेत्याला हरवतं, तरी डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला तेव्हा तो रडला आणि त्याला बघून आपल्या घरातली माणसं रडली. इंजिन जिंकलं म्हणून कोणी रडत नाही. जो आपण सगळ्यात भारी आहोत ह्यावर अर्थ बांधतो त्याला मशीन हरवतं, आज ना उद्या. जो कामावर आणि माणसांवर बांधतो त्याचं तसं होत नाही.

शरणांची, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या संतांची, 'कायकवे कैलास', काम हाच कैलास, ही शिकवण ह्या गावाला कुणी वेगळी समजावून सांगायला नको. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तळं खोदलं असं आपण मानतो, आज गड्ड्याला, म्हणजे त्यांच्या जत्रेला, नंदीध्वज निघतात तेव्हा त्या उंच काठ्या पेलायला महिना महिना आधीपासून सराव चालतो. क्रेननं ते काम पाच मिनिटांत होईल. कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही क्रेन लावावी म्हणून, कारण ते वजन पेलणं हेच तर काम आहे.

आणि डॉक्टर कोटणीस. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला माणूस, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, बाकीचे परत आले, हा राहिला, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. त्याच्याएवढं वैद्यकीय ज्ञान आज फोनमध्ये आहे, त्याच्यापेक्षा जास्तच आहे. पण राहायचं की परत यायचं हे ठरवणं ज्ञानाचं काम नव्हतं. तू शिकून काय करू म्हणतोस ना, तर शीक अशासाठी की कुणीतरी तुझ्याकडं आल्यावर 'हे मी सांगतोय, चुकलं तर मला धर' असं म्हणता आलं पाहिजे, नर्स म्हणून, वायरमन म्हणून, वकील म्हणून, डिझाइन काढणारा म्हणून. उत्तरं फुकट झालीत, हे वाक्य फुकट झालेलं नाही.

प्रश्न: कंपनीच्या चॅटबॉटनं चुकीचं सांगितलं आणि आपलं नुकसान झालं तर?

कंपनीला धरा, स्क्रीनशॉट ठेवा. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला आज्जीच्या मृत्यूनंतरच्या तिकिटावर सवलत नंतरही मागता येते असं चुकीचं सांगितलं. कंपनी म्हणाली त्या बॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं ते उडवून लावलं आणि भरपाई द्यायला लावली. तो भारतातला कायदा नाही, पण 'मशीन म्हणालं' हे कारण कुणाचंही ऐकून घ्यायचं नाही, बँकेचं नाही, ऑफिसचं नाही, आणि आपलं स्वतःचंही नाही.

प्रश्न: मुलाच्या आवाजात फोन आला, 'पप्पा ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठवा'. आवाज डिट्टो त्याचाच. कसं ओळखायचं?

आवाजावरून आता ओळखता येत नाही, थोडंसं रेकॉर्डिंग असलं तरी नक्कल होते. फोन ठेवा, मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. घरात एक शब्द ठरवून ठेवा, फक्त घरच्यांना माहीत असलेला, तो विचारा. घाई करायला लावणं ही फसवणुकीची सगळ्यात पक्की खूण आहे. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या ड्रेसमध्ये कोणी 'डिजिटल अरेस्ट' म्हणालं तर कट करा, असली अटक आपल्या कायद्यातच नाही. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन, जेवढं लवकर तेवढी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त. हा नंबर सोलापूरकराला पाठ करावा लागत नाही, मार्शल लॉचं साल आहे. आज्जी-आजोबांना तसंच सांगा, त्यांच्या लक्षात राहतं.

प्रश्न: मग सुरुवात कुठून करू?

तुम्हाला ज्यातलं पक्कं कळतं तिथून. परीक्षा, आजार, शेअर बाजार असलं काही नको. मागावर काम करत असाल तर मागाबद्दल विचारा, कडक भाकरी करत असाल तर भाकरी कडक कशी करायची ते विचारा, ज्वारीचं पीठ जुनं असेल तर काय होतं, आच किती ठेवायची, चिरली तर काय करायचं. गड्ड्याबद्दल विचारा, नंदीध्वज किती, कुठल्या दिवशी काय असतं. उत्तर कागदावर उतरवून घ्या आणि तीन रंगांनी खुणा करा, बरोबर, चूक, आणि बरोबर असून नुसतंच पोकळ. तिसरा रंग सगळ्यात जास्त लागतो, बघा तुम्ही. मग ज्यातलं तुम्हाला काहीच कळत नाही असा एखादा विषय विचारा, आणि तिथं कुठला रंग कुठं मारावा हे कळत नाही तेव्हा त्या विषयातल्या कुठल्या ओळखीच्या माणसाला ते कागद दाखवता येतील त्याचं नाव वर लिहा. नाव सुचलंच नाही तर माझ्याकडं घेऊन या, आपण मिळून शोधू.